तुकडा किती लांब? आपल्यातला निअँडरथल असा मोजतात

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर चढतो, तेव्हा भीमा-सीनेच्या खोऱ्यातली काळी माती अशी फाटते की भेगेत मनगटापर्यंत हात जावा. पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खोल मुरतं. दरवर्षी हेच. या मातीत दोन-तीन हजार वर्षांपूर्वी पुरलेलं हाड आजही बऱ्या अवस्थेत मिळू शकतं, कारण माती चुनखडीची आहे, आम्लधर्मी नाही. हाड टिकतं, पण त्यातला डीएनए बहुधा गेलेला असतो. म्हणून सोलापूरकराच्या अंगातला निअँडरथल, म्हणजे आपल्या पूर्वजांशी संकर झालेल्या एका नामशेष मानवशाखेचा अंश, शोधायचा तर सोलापुरात खणून भागत नाही. सैबेरियातल्या गुहेतलं हाड आणि सोलापूरकराची थुंकी अशी दोन टोकं जुळवावी लागतात. ती कशी जुळवतात आणि त्यातून काय कळतं, ते इथे सविस्तर पाहू.

आधी डीएनए का नासतो ते बघू. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली पोथी. एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून, आणि प्रत्येक प्रतीत सुमारे ३१० कोटी अक्षरं असतात. माणूस जिवंत असेतो पेशी या पोथीची रोज डागडुजी करते. मेल्यावर ती थांबते. आधी पेशीतलीच एन्झाइम्स आणि मग जिवाणू तिला कुरतडतात. उरलेलं काम पाणी आणि उष्णता करतात. न्यूझीलंडमधल्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवर झालेली मोजणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. १३ अंशांच्या आसपास तापमान असलेल्या जागी २४२ अक्षरांचे निम्मे तुकडे तुटायला ५२१ वर्षं लागतात, असं तिच्यात दिसलं. तापमान १० अंशांनी वाढलं की तुटण्याचा वेग ढोबळमानाने पाच-सहा पट होतो. सोलापूरचं वार्षिक सरासरी तापमान २७ अंशांच्या घरात आहे. हाच हिशोब इथे लावला तर ५२१ वर्षांची जेमतेम चाळीस-पन्नास उरतात. त्यात माती दरवर्षी ओली-कोरडी होते, ते नुकसान वेगळंच.

भारतात प्राचीन डीएनए का दुर्मीळ आहे, हे राखीगढीच्या उदाहरणावरून कळतं. हरियाणातल्या या सिंधू संस्कृतीच्या गावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१ नमुने तपासले. कामापुरता डीएनए एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून निघाला, तोही शंभराहून जास्त वेळा वाचनासाठी तयार करून एकत्र केल्यावर. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. ती स्त्री सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे या हिशोबात अगदी कालची. नर्मदाकाठी हथनोरा इथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी तर लाखो वर्षं जुनी आहे. तिच्यातून डीएनए निघेल अशी आशा कुणी धरत नाही.

आता दुसरं टोक. दक्षिण सैबेरियातल्या अल्ताय पर्वतातल्या डेनिसोव्हा गुहेचं सरासरी तापमान शून्य अंशांच्या आसपास असतं. तिथे २००८ मध्ये एका मुलीच्या करंगळीच्या हाडाचा तुकडा सापडला. जुन्या हाडातून निघणाऱ्या डीएनएपैकी बहुतेक जिवाणू-बुरशीचा असतो. क्रोएशियातल्या विंडिजा गुहेतली जी निअँडरथल हाडं पहिल्या मोठ्या कामासाठी वापरली, त्यांत खरा निअँडरथल डीएनए १ ते ५ टक्केच होता. करंगळीच्या या तुकड्यात मात्र ७० टक्के डीएनए त्या मुलीचाच निघाला. २०१० मध्ये तो वाचल्यावर ती निअँडरथलही नाही आणि आपल्यासारखीही नाही, असं दिसलं. मानवाची एक अख्खी शाखा करंगळीच्या टोकावरून उजेडात आली. तिला डेनिसोव्हन म्हणतात.

हाडाच्या पिठातून अक्षरं

प्रयोगशाळेतली पद्धत थोडक्यात अशी. शक्य असेल तर कानाच्या आतल्या भागाभोवतीचं हाड घेतात. ते शरीरातलं सगळ्यांत घट्ट हाड, आणि डीएनए त्यातच सर्वांत चांगला टिकतो. बारीक ड्रिलने हळूहळू, हाड तापू न देता, साधारण ५० मिलिग्रॅम पीठ काढतात, म्हणजे चिमूटभरापेक्षाही कमी. कॅल्शियम ओढून घेणाऱ्या ईडीटीएच्या द्रावणात आणि प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइममध्ये ते रात्रभर विरघळवतात. सुट्या झालेल्या डीएनएला सिलिकाच्या कणांवर चिकटवून बाकीचं धुऊन टाकतात. मग प्रत्येक तुकड्याच्या टोकांना ओळखीचे कृत्रिम तुकडे जोडून ते यंत्रात वाचतात.

हाती येणारे तुकडे बहुधा ४० ते ७० अक्षरांचे असतात. साधारण ३५ पेक्षा आखूड तुकडा पोथीत नेमका कुठला, हे ठरवता येत नाही, तो बऱ्याच ठिकाणी बसतो. असे तुकडे बाजूला टाकतात.

सर्वांत मोठी अडचण भेसळीची. खणणारा, हाड पुसणारा, संग्रहालयात ते हाताळणारा, या सगळ्यांच्या त्वचेचा डीएनए हाडावर बसतो, आणि तो ताजा असल्यामुळे जुन्यापेक्षा कितीतरी चांगला वाचला जातो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निअँडरथल डीएनएच्या एका मोठ्या वाचनात आजच्या माणसाचा डीएनए बराच मिसळलेला होता, हे वर्षभरात लक्षात आलं. त्यानंतर सगळ्या प्रयोगशाळांनी शिस्त कडक केली. जुन्या हाडांसाठी वेगळी खोली, अंगभर सूट, रोज ब्लीच, रात्री अतिनील दिवे. शिवाय एक उत्तम खूण हाती आली. जुन्या डीएनएत तुकड्याच्या टोकाकडची सी ही अक्षरं रासायनिक बदलाने बिघडतात आणि यंत्र त्यांना टी वाचतं. टोकाकडे अशा चुका भरपूर असतील तर तुकडा खरोखर जुना. टोकं स्वच्छ असतील तर तो हाताळणाऱ्याचा असण्याचा संशय घ्यायचा. भेसळ पकडायला नासाडीच कामाला येते, ही या शास्त्रातली मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती.

तांबडं सूत, पांढरं सूत

निअँडरथलची पोथी वाचली, सोलापूरकराचीही वाचली. दोन्हींत जागोजागी सारखी अक्षरं दिसणारच, कारण आपले आणि त्यांचे पूर्वज सुमारे साडेपाच-सहा लाख वर्षांपूर्वी एकच होते. मग हे साम्य त्या जुन्या वारशाचं की नंतरच्या संकराचं, हे कशावरून ठरवायचं?

पहिली चाचणी तुलनेची. एक आफ्रिकी माणूस, एक सोलापूरकर, एक निअँडरथल आणि जुनं अक्षर कोणतं हे कळावं म्हणून एक चिंपांझी, असे चौघे घ्या. साम्य फक्त जुन्या वारशाचं असेल तर निअँडरथलचं खास अक्षर आफ्रिकी माणसात आणि सोलापूरकरात सारख्याच वेळा दिसायला हवं. तसं होत नाही, सोलापूरकराचं पारडं सातत्याने जड भरतं. जनुकशास्त्रज्ञ स्वांते पेबो यांच्या चमूने २०१० मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या माणसांत निअँडरथल वाटा १ ते ४ टक्के धरला होता. अधिक स्वच्छ वाचनांनंतर तो १ ते २ टक्क्यांवर आला. पेबो यांना याच कामासाठी २०२२ चं नोबेल मिळालं. या चाचणीतही एक खोट होती. आफ्रिकी माणसात निअँडरथल अंश शून्य, असं तीत गृहीत धरलं होतं. युरोप-आशियातून माणसं परतही गेली आणि थोडा अंश बरोबर घेऊन गेली. आफ्रिकी लोकांतही तो सुमारे ०.३ टक्के निघाला, हे २०२० मध्ये कळलं.

दुसरी चाचणी मला जास्त मोलाची वाटते. ती तुकड्याची लांबी मोजते.

डीएनएला सूत माना: तांबडं सूत निअँडरथल बापाचं आणि पांढरं आपल्यासारख्या आईचं, असं धरा. त्यांच्या लेकरात एक अख्खं तांबडं आणि एक अख्खं पांढरं सूत असतं. हे लेकरू मोठं होऊन आई किंवा बाप होतं तेव्हा त्याची अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना जोडीची सुतं शेजारी येतात, एक-दोन जागी तुटतात आणि एकमेकांची टोकं सांधून घेतात. नातवाला मिळणारं सूत त्यामुळे लांबलांब तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं होतं. पुढच्या पिढीत नव्या जागी तुटतं, नव्या जागी सांधलं जातं. मिसळण्यासाठी आसपास पांढरी सुतंच फार, म्हणून तांबड्या पट्ट्या पिढीगणिक आखूड होत जातात.

याचं गणित शाळकरी पोरालाही जमेल. १०० ला पिढ्यांच्या संख्येने भागायचं. येणारं उत्तर म्हणजे तांबड्या पट्टीची सरासरी लांबी, सेंटीमॉर्गन या मापात. एक सेंटीमॉर्गन म्हणजे ढोबळमानाने १० लाख अक्षरं. संकर ५०,००० वर्षांपूर्वी झाला आणि पिढी २५ वर्षांची धरली तर २,००० पिढ्या होतात. १०० भागिले २,००० म्हणजे ०.०५ सेंटीमॉर्गन, म्हणजेच ५०,००० अक्षरं. आता हेच साम्य साडेपाच लाख वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजाकडून आलं असतं तर पिढ्या २२,००० होतात आणि पट्टी साडेचार हजार अक्षरांच्या आसपास येते. म्हणून आजच्या माणसात निअँडरथलशी जुळणारी ५०,००० अक्षरांची सलग पट्टी दिसली की ती जुन्या वारशाची असू शकत नाही, ती संकरातूनच आलेली.

हीच पट्टी घड्याळासारखीही चालते. रुमानियातल्या ओआसे गुहेत सापडलेल्या सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या माणसात ६ ते ९ टक्के निअँडरथल अंश निघाला. टक्क्यापेक्षा लांबी बोलकी होती: तीन पट्ट्या ५० सेंटीमॉर्गनहून लांब होत्या. म्हणजे त्याचा निअँडरथल पूर्वज चार ते सहा पिढ्या मागचा, आपल्या खापरपणजोबाच्या आसपासचा. पश्चिम सैबेरियातल्या उस्त-इशिमच्या ४५,००० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पट्ट्या आपल्यापेक्षा लांब, पण ओआसेपेक्षा कितीतरी आखूड आहेत. असे बरेच प्राचीन आणि आजचे नमुने एकत्र मांडून २०२४ मध्ये संशोधकांनी काळ आणखी नेमका केला. आपल्या सगळ्यांत उरलेला निअँडरथल अंश सुमारे ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वीच्या काळात आला. एका रात्रीत घडलेली ही गोष्ट नाही, शेजार सुमारे सात हजार वर्षं चालला.

सर्वांत थेट पुरावा पुन्हा डेनिसोव्हा गुहेतला. तिथे हाडांचे ओळखू न येणारे हजारो तुकडे पडलेले आहेत. त्यांतल्या दोन हजारांहून अधिक तुकड्यांतलं कोलॅजन हे प्रथिन एकेक करून तपासताना दोन सेंटीमीटरचा एक तुकडा मानवकुळातला निघाला. २०१८ मध्ये त्याच्या डीएनएचं वाचन प्रसिद्ध झालं. सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीची, साधारण १३ वर्षांची मुलगी. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन. एक सूत अख्खं तांबडं, दुसरं अख्खं वेगळ्या रंगाचं. पहिल्याच पिढीचं हे लेकरू. शिवाय बापाच्या सुतातही थोड्या आखूड निअँडरथल पट्ट्या होत्या, म्हणजे त्याच्या घराण्यात असा संबंध आधीही आलेला.

सोलापूरकराच्या थुंकीत काय दिसतं

या शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाकी मराठी आणि उर्दू असा रोजचा कारभार आहे. कुणाचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले, कुणाचे विजयपूरकडून, ही आठवण तीन-चार पिढ्यांची. डीएनएची आठवण त्याच्या कितीतरी मागे जाते. भारतीयांचा वंशवृक्ष मुख्यतः तीन मुळांचा. एक, उपखंडात फार पूर्वीपासून असलेले शिकारी-संकलक. दुसरं, प्राचीन इराणच्या लोकांशी नातं असलेलं. तिसरं, उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून नंतर आलेलं. राखीगढीच्या त्या स्त्रीत पहिली दोन होती, तिसरं नव्हतं. प्रमाण कमी-जास्त, पण तिन्ही भाषांच्या घरांत ही मिसळ आहे. त्यातली मोठी सरमिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच पट्ट्यांच्या लांबीवरून काढलं. मोजपट्टी तीच, फक्त लांबी जास्त.

आणि या तिन्ही मुळांच्या खाली, सगळ्यांत, १ ते २ टक्के निअँडरथल. २,७६२ भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकात अंश थोडा असला तरी प्रत्येकात तो वेगळ्या जागी असतो. एका जुन्या पोथीची पानं वाड्यातल्या घराघरांत विखुरलेली असावीत तसं. सगळ्यांची पानं एकत्र लावली तेव्हा निअँडरथल पोथीची जवळपास निम्मी आणि डेनिसोव्हन पोथीची सुमारे २० टक्के पानं भारतीयांतूनच परत जुळली. डेनिसोव्हन अंश आपल्यात अगदी नगण्य आहे, पापुआ न्यू गिनीच्या लोकांत तो ३ ते ५ टक्के असतो. पण मोठ्या लोकसंख्येत थेंब-थेंब साठतोच.

ही पानं रद्दी नाहीत, काही आजही कामाची आहेत. तिबेटी लोकांना विरळ हवेत रक्त फार घट्ट न होता राहू देणारं ईपीएएस१ जनुकाचं रूप डेनिसोव्हनांकडून आलेलं. आपल्या दृष्टीने जास्त जवळचा आहे तो तिसऱ्या गुणसूत्रावरचा तुकडा. कोविडमध्ये काही रुग्ण जास्त गंभीर का होतात, हे शोधताना हा तुकडा पुढे आला. ह्यूगो झेबर्ग आणि पेबो यांनी २०२० मध्ये दाखवलं की ४९,४०० अक्षरांची ही पट्टी विंडिजाच्या निअँडरथलशी जुळते. वरचं भागाकाराचं उत्तर आठवा. दक्षिण आशियात निम्म्या लोकांत तिची निदान एक प्रत आहे, बांगलादेशात ६३ टक्क्यांत, युरोपात १६ टक्क्यांत, पूर्व आशियात जवळजवळ नाहीच. गंभीर आजाराचा धोका तिने दीडपटीच्या आसपास वाढत असल्याचं दिसलं. मात्र तो आकडा मुख्यतः युरोपातल्या रुग्णांवरून आलेला, भारतीयांना जसाच्या तसा लावू नये. वय हा घटक तिच्यापेक्षा कितीतरी भारी. बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा निअँडरथल तुकडा उलट धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. म्हणून ‘निअँडरथल जनुकं वाईट’ हे विधान अर्धवट आहे. प्रत्येक तुकड्याचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो.

काही जागी मात्र तांबडं सूत मुळीच सापडत नाही. एक्स गुणसूत्रावर ते फार कमी आहे. बोलण्याशी संबंध असलेल्या फॉक्सपी२ जनुकाच्या आसपास लांबच लांब कोरा पट्टा आहे. आईकडूनच येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आणि बापाकडूनच येणारं वाय गुणसूत्र निअँडरथलचं असलेला आज जिवंत माणूस मिळालेला नाही. संकराच्या लेकरांत जनुकांच्या काही जोड्या जुळत नव्हत्या आणि नैसर्गिक निवडीने त्या पुसल्या गेल्या, हे त्यामागचं सर्वांत पटणारं कारण.

डीएनए चाचणी विकणाऱ्या कंपन्यांच्या अहवालात ‘निअँडरथल इतके टक्के’ असं येतं. ते वाचताना एवढं लक्षात ठेवा: अशा बहुतेक चाचण्या संपूर्ण पोथी वाचत नाहीत, ठरावीक सहा-सात लाख अक्षरं बघतात. १.६ आणि १.८ टक्क्यांतला फरक घेऊन भावाभावांनी वाद घालू नये. पट्ट्यांची यादी आणि जागा मिळत असेल तर ती मात्र जरूर मागा.

शेतात हाड सापडलं तर

हे सगळं वाचून भीमेकाठचा एखादा शेतकरी विहीर खणताना मिळालेलं जुनं हाड वेगळ्या नजरेने बघेल. भीमेलाच मिळणाऱ्या घोड नदीकाठी शिरूर तालुक्यातल्या इनामगावात ताम्रपाषाण काळातली दोनशेहून अधिक दफनं निघाली, बरीचशी तोंडाला तोंड लावलेल्या मडक्यांतली लहान मुलांची. तेव्हा अशी जागा आपल्याकडे निघणारच नाही असं समजू नका. उष्णतेने डीएनए गेला असला तरी प्रथिनं त्याच्याहून चिवट असतात. तिबेटच्या पठारावरच्या एका जबड्यात डीएनए मिळाला नाही, पण दातातल्या प्रथिनांवरून तो डेनिसोव्हनचा असल्याचं २०१९ मध्ये ओळखलं गेलं.

हाड दिसलं की काम थांबवा. ते उचलू नका, आधी मोबाइलवर फोटो घ्या, शेजारी फूटपट्टी किंवा पेन ठेवून. उघड्या हाताने चोळू नका, त्यावर वाकून बोलू-शिंकू नका. उन्हात वाळत घालू नका आणि वरून फेव्हिकॉल किंवा वॉर्निश लावून ‘पक्कं’ करू नका. आणि पाण्याने तर मुळीच धुऊ नका: ताज्या, न धुतलेल्या हाडांत, धुऊन साठवलेल्या हाडांपेक्षा सहापट डीएनए असतो, असं २००७ मध्ये मोजलं गेलं आहे. ओल्या मातीसकट तसंच राहू द्या, वर सावलीला पोतं किंवा ताडपत्री आडवी धरा. तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला कळवा, म्हणजे हाड अलीकडचं असेल तर तोही तपास होईल आणि जुनं असेल तर पुरातत्त्व विभागापर्यंत निरोप जाईल. कवटी असेल तर कानाच्या छिद्राच्या बाजूला कुदळ, काडी, बोट काहीही घालू नका. डीएनए उरलाच असेल तर त्या घट्ट हाडातच असणार.